रियाधमधील पाचशे पुरुष आणि एक प्रश्न : मानसशास्त्रीय प्रयोगाची वैधता कशी तपासली जाते

२०१७ साली सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे अठरा ते पस्तीस वयोगटातील पाचशे विवाहित सौदी पुरुषांना गटागटाने एकत्र बोलावण्यात आले. एका बैठकीला साधारण तीस जण असत. ते शहराच्या एकाच भागात राहणारे असत आणि त्यांपैकी अनेकांची आपसात ओळखही असे. प्रत्येकाने आपली उत्तरे इतरांना न दाखवता द्यायची होती. स्त्रियांना घराबाहेर नोकरी करण्याची मुभा असावी या मताशी आपण सहमत आहात काय, हा एक प्रश्न होता. त्यानंतरचा प्रश्न असा होता की, या खोलीत बसलेल्यांपैकी किती जण या मताशी सहमत असतील? ज्याचा अंदाज खऱ्या आकड्याच्या सर्वांत जवळ येईल त्याच्यासाठी बक्षीस ठेवलेले होते.

स्वतःपुरते बोलताना ८७ टक्के पुरुषांनी होकार दिला. मात्र इतरांविषयी अंदाज करताना सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांनी तो खऱ्या आकड्यापेक्षा कमी केला. म्हणजे बहुसंख्य पुरुष स्त्रियांच्या नोकरीला अनुकूल होते. पण शेजारी बसलेल्यांपैकी अनुकूल माणसे प्रत्यक्षात होती त्यापेक्षा कमी आहेत, असेही त्यांतील बहुतेकांना वाटत होते.

शिकागो विद्यापीठातील लिओनार्दो बुर्झ्टिन व अलेसांद्रा गोन्झालेझ आणि झुरिक विद्यापीठातील डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या तिघांचा हा अभ्यास २०२० साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधक अर्थशास्त्रज्ञांच्या वर्तुळातले असले तरी विषय सामाजिक मानसशास्त्रातला आहे, आणि तो जुना आहे. प्रत्येक जण मनातून एका मताचा असतो, परंतु इतर सर्व जण विरुद्ध मताचे आहेत असे समजून गप्प राहतो किंवा प्रवाहाबरोबर वागतो, या अवस्थेचे वर्णन फ्लॉइड ऑलपोर्ट आणि डॅनियल कॅट्झ यांनी १९३१च्या सुमारास केले होते. १९९३ साली डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मद्यपानाबाबत हेच दाखविले. आपल्याला जितके अवघडल्यासारखे वाटते तितके इतरांना वाटत नाही, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत होती. मराठी घरांतील ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याची शास्त्रीय तपासणी करायची झाली तर ती याच मार्गाने करावी लागेल. फरक एवढाच की, येथे ‘लोक’ खरोखर काय म्हणतात हे मोजले जाते.

अशा अभ्यासाची बातमी एका ओळीत संपते : सौदी पुरुषांचा स्त्रियांच्या नोकरीला छुपा पाठिंबा. या ओळीवर विश्वास ठेवावा की नाही, हा मात्र एका ओळीत सुटणारा प्रश्न नाही. मानसशास्त्रात या प्रश्नाला वैधतेचा प्रश्न म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यासाठी ‘सप्रमाणता’ किंवा ‘यथार्थता’ हे शब्दही आढळतात. प्रयोग ‘वैध’ आहे असे सहज म्हटले जाते, परंतु काटेकोरपणे पाहिले तर वैधता प्रयोगाला नसतेच. ती प्रयोगावरून काढलेल्या निष्कर्षाला असते. एकाच प्रयोगातून निघणारा एक निष्कर्ष भक्कम, दुसरा डळमळीत आणि तिसरा पूर्णपणे निराधार असू शकतो. रियाधच्या अभ्यासात या तिन्ही जातींचे निष्कर्ष काढता येतात, म्हणून तो येथे उदाहरणादाखल घेतला आहे.

नुसती मोजणी आणि प्रयोग

वर सांगितलेले दोन प्रश्न म्हणजे अजून प्रयोग नव्हे. ते सर्वेक्षण झाले. प्रयोग सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. उत्तरे गोळा झाल्यावर सहभागी पुरुषांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निव्वळ योगायोगाच्या पद्धतीने निवडून, त्यांच्याच बैठकीतील खरा आकडा सांगण्यात आला. उरलेल्या निम्म्यांना काहीही सांगितले नाही. मग सर्वांपुढे एक निवड ठेवण्यात आली. एक तर ऑनलाइन खरेदीचे भेटकार्ड घ्यावे, किंवा ते सोडून आपल्या पत्नीचे नाव सौदी स्त्रियांना नोकरी मिळवून देणाऱ्या एका मोबाइल सेवेत नोंदवावे. ज्यांना आकडा कळला नव्हता त्यांच्यापैकी २३ टक्क्यांनी पत्नीचे नाव नोंदविले. ज्यांना कळला होता त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्के होते.

तीन ते पाच महिन्यांनी संशोधकांनी पुन्हा दूरध्वनीवरून चौकशी केली. आकडा न कळलेल्या गटात सुमारे ६ टक्के पुरुषांच्या पत्नींनी मधल्या काळात घराबाहेरच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. आकडा कळलेल्या गटात १६ टक्के. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १ आणि ६ टक्के. प्रत्यक्ष घराबाहेर नोकरीत असलेल्या पत्नींचे प्रमाण ७.४ आणि ९.४ टक्के.

या आकड्यांचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. पालकत्वाच्या रूढ व्यवस्थेमुळे विवाहित स्त्रीने नोकरी करावी की नाही, याचा निर्णय मोठ्या प्रमाणात पतीच्या हातात होता. त्यामुळे पतीच्या मनातील समजूत हा खासगी मामला न राहता पत्नीच्या वेतनाचा, म्हणजेच घराच्या उत्पन्नाचा प्रश्न होता.

आंतरिक वैधता : फरक कशामुळे पडला?

डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली आंतरिक आणि बाह्य वैधता असा भेद मांडला. ज्युलियन स्टॅनली यांच्यासह त्यांनी १९६३ साली लिहिलेली पुस्तिका पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासली. आंतरिक वैधतेचा प्रश्न सरळ आहे : दिसलेला फरक आपण केलेल्या हस्तक्षेपामुळेच पडला की अन्य कशामुळे?

समजा संशोधकांनी गट पाडलेच नसते. सर्वांना खरा आकडा सांगितला असता आणि काही महिन्यांनी पत्नींच्या अर्जांत वाढ झाल्याचे पाहून आपला उपाय लागू पडला असे जाहीर केले असते. ते किती फसवे ठरले असते हे त्या काळातील घडामोडींवरून कळते. २६ सप्टेंबर २०१७ रोजी स्त्रियांना वाहन चालविण्याची परवानगी देणारे शाही फर्मान जाहीर झाले आणि २४ जून २०१८ पासून ते अमलात आले. ‘व्हिजन २०३०’ अंतर्गत स्त्रियांचा रोजगार वाढविण्याचे धोरण आधीपासून राबविले जात होते. देशात सगळीकडेच वारे बदलत असताना कोणताही ‘आधी आणि नंतर’ असा हिशोब मांडला तर वाढ दिसणारच. मग त्या वाढीचे श्रेय कोणाला द्यावे?

कॅम्पबेल यांनी या धोक्याला ‘इतिहास’ असेच नाव दिले होते. त्यावरचा उतारा म्हणजे नियंत्रित गट आणि यादृच्छिक वाटणी. फर्मान दोन्ही गटांनी ऐकले, धोरण दोन्ही गटांना लागू होते, पगार, शिक्षण, धार्मिकता, सासू-सासऱ्यांचा स्वभाव या सर्व गोष्टी वाटणीच्या योगायोगामुळे दोन्ही गटांत सरासरीने सारख्याच विखुरल्या. उरला तो एकच पद्धतशीर फरक, म्हणजे सांगितलेला आकडा. यादृच्छिक वाटणीची खरी ताकद येथे आहे. संशोधकाला ज्या कारणांची कल्पनाही नाही, त्या कारणांचाही ती परस्पर बंदोबस्त करते. हे काम गणिती सूत्रांनी नंतर करता येते असे मानणारे पुष्कळ आहेत. ते काही अंशीच खरे आहे, कारण सूत्रात तेवढेच घालता येते जेवढे आधी मोजलेले असते.

तरीही दोन शंका उरतात. पहिली योगायोगाची. दोन्ही गटांत अडीचशेच्या आसपास माणसे आहेत. अशा वेळी २३ आणि ३२ या टक्क्यांतील फरकाची प्रमाण त्रुटी सरळ हिशोबाने चार टक्क्यांच्या जवळपास येते. नऊ टक्क्यांचा फरक तिच्या दुपटीहून अधिक आहे; निव्वळ नशिबाने एवढा फरक पडण्याची शक्यता कमी. मात्र ७.४ आणि ९.४ यांतील दोन टक्क्यांचा फरक त्याच मापाने त्रुटीहूनही लहान आहे. म्हणून ‘पत्नींनी जास्त अर्ज केले’ हा निष्कर्ष घेता येतो, ‘अधिक पत्नी नोकरीला लागल्या’ हा घेता येत नाही. वृत्तपत्रांना दुसरे वाक्य अधिक आवडेल हे उघड आहे. तसे घडलेच नाही, असेही या आकड्यांवरून म्हणता येत नाही; एवढ्या छोट्या नमुन्यात तेवढा लहान परिणाम असला तरी तो दिसणे कठीण.

दुसरी शंका गळतीची. महिन्यांनंतरच्या फेरीत पाचशेपैकी साधारण तीन-चतुर्थांश पुरुषच पुन्हा बोलते झाले. जे निसटले ते एका गटातून एका प्रकारचे आणि दुसऱ्या गटातून दुसऱ्या प्रकारचे असतील, तर सुरुवातीच्या यादृच्छिक वाटणीचा फायदा तेवढ्या प्रमाणात कमी होतो. शिवाय पत्नीच्या अर्जाची माहिती पतीकडूनच मिळालेली आहे. अभ्यास वाचताना पहिल्या दिवशीच्या निवडीपेक्षा या नंतरच्या आकड्यांवर थोडा कमी भार टाकावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

माणसे खरे बोलतात काय?

मानसशास्त्रीय संशोधनाची मोठी अडचण अशी की, ज्याचा अभ्यास करायचा तोच अभ्यासकाचा अभ्यास करीत असतो. मार्टिन ऑर्न यांनी १९६२ साली दाखवून दिले की, प्रयोगातील सहभागी माणूस संशोधकाला काय हवे आहे याचा कानोसा घेत असतो आणि पुष्कळदा ते देण्याची खटपटही करतो. रियाधमधील तरुणापुढे प्रश्नावली आली तेव्हा त्याने परदेशी संशोधकांना बरे वाटेल असे ‘आधुनिक’ उत्तर दिले असेल तर? मग ८७ टक्के हा आकडा पाठिंब्याचा न राहता शिष्टाचाराचा ठरेल, आणि सगळी कथाच उलटी होईल. ‘शेजारी प्रतिकूल आहे’ हा अंदाजच वास्तवाच्या अधिक जवळचा होता, असे म्हणावे लागेल.

या शंकेला संशोधकांनी तीन बाजूंनी उत्तर दिले आहे, आणि अभ्यासाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे.

पहिली बाजू पैशाची. इतरांविषयीच्या अंदाजाला बक्षीस जोडल्यामुळे बेफिकिरीने आकडा ठोकून देण्यात तोटा होता. दुसरी बाजू कृतीची. भेटकार्ड सोडून पत्नीचे नाव नोंदविणे म्हणजे पदरचे काही गमावणे होय. मताला किंमत पडत नाही, कृतीला पडते. संशोधकाला खूश करण्यासाठी माणूस एखादे ‘होय’ सहज देईल, परंतु त्यासाठी हातातले भेटकार्ड सोडून पत्नीला नोकरीच्या बाजारात उतरविणारे थोडेच असतील.

तिसरी बाजू यादीच्या पद्धतीची. ती संशोधकांनी देशभरातील सुमारे दीड हजार सौदी पुरुषांच्या ऑनलाइन सर्वेक्षणात वापरली. तिची युक्ती अशी : एका गटाला काही निरुपद्रवी विधानांची यादी द्यायची आणि त्यांतील किती विधाने मान्य आहेत एवढाच आकडा विचारायचा, कोणती, ते विचारायचे नाही. दुसऱ्या गटाला तीच यादी द्यायची, पण तिच्यात नाजूक विषयावरचे एक विधान वाढवायचे. समजा पहिल्या गटाची सरासरी २ आली आणि दुसऱ्याची २.८, तर वाढविलेले विधान साधारण ८० टक्के लोकांना मान्य आहे. कोणत्याही एका माणसाने काय उत्तर दिले हे संशोधकालाही कळत नाही, त्यामुळे खोटे बोलण्याचे कारणच उरत नाही. या आडमार्गाने मिळालेले प्रमाण थेट प्रश्नातून मिळालेल्या प्रमाणाच्या जवळ आले. शिष्टाचाराची शंका त्यामुळे बरीच मागे पडली.

आखातात नोकरी करणाऱ्या वाचकाला ही अडचण पुस्तकातून समजावून घेण्याची गरज नाही. कंपनीकडून दरवर्षी ‘निनावी’ म्हणून येणारी समाधान-पाहणी ज्याने भरली आहे, आणि ज्याचा इकामा त्याच कंपनीच्या नावावर आहे, त्याला उत्तर आणि मत यांतील अंतर ठाऊक असते. अशा पाहणीचा निकाल दरवर्षी सारखाच येतो म्हणून तो विश्वसनीय म्हणता येईल; वैध म्हणता येईल असे नाही. विश्वसनीयता म्हणजे माप पुन्हा घेतल्यावर तेच येणे. दर वेळी पाचशे ग्रॅम कमी दाखविणारा तराजूही या अर्थाने विश्वसनीयच असतो.

जे मोजायचे तेच मोजले काय?

ली क्रोनबाख आणि पॉल मील यांनी १९५५ साली आणखी एका वैधतेची चर्चा केली, ती संकल्पनेची किंवा रचनेची वैधता. बुद्धी, चिंता, नैराश्य, पाठिंबा या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या खुणा दिसतात. त्या खुणा जोडून तयार केलेले माप मूळ वस्तूचेच आहे, हे कशावरून?

या प्रश्नासाठी सौदी अरेबियातीलच दुसरे उदाहरण अधिक उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणमालेचा भाग म्हणून तेथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटल आणि संशोधन केंद्रातील यास्मिन अल्तुवैजरी यांनी तिचे नेतृत्व केले. २०१३ ते २०१६ या काळात १५ ते ६५ वयाच्या ४,००४ सौदी नागरिकांच्या घरी जाऊन मुलाखती घेण्यात आल्या. स्त्रियांची मुलाखत स्त्रीने आणि पुरुषांची पुरुषाने घ्यायची असा नियम होता. जगभर वापरल्या जाणाऱ्या निदान-प्रश्नावलीचे अरबी रूपांतर त्यासाठी करण्यात आले. सुमारे ३४ टक्के नागरिकांना आयुष्यात कधी ना कधी कोणता तरी मानसिक विकार झाल्याचे त्यातून दिसले.

या पाहणीत सर्वाधिक आढळलेला विकार नैराश्याचा नव्हता. सुमारे १२ टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर होती विरहाची चिंता, म्हणजे जवळच्या माणसापासून दूर जाण्याची विकारावस्थेला पोहोचलेली भीती. नैराश्याचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. येथे रचनेच्या वैधतेचा प्रश्न अगदी उघडपणे समोर येतो. विरहाची चिंता सौदी समाजात खरोखर अधिक आहे, हा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की, जेथे लग्नानंतरही मुले आईवडिलांच्या अवतीभवती राहतात आणि आप्तांपासून दूर जाणे हीच असाधारण घटना असते, तेथे प्रश्नावलीतील काही वाक्यांना लोक सहज होकार देतात, आणि पाश्चात्त्य निकषांनी तो होकार विकाराच्या खात्यात जमा होतो. दोन्ही अर्थ एकाच वेळी थोडेथोडे खरे असू शकतात. मुलगा विमानात बसल्यापासून तो पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जागी राहणाऱ्या रत्नागिरीच्या किंवा सांगलीच्या आईला ही प्रश्नावली दिली तर तिचे गुण काय येतील, याचा विचार करावा. प्रश्नावली करणाऱ्यांनाही ही अडचण माहीत असते, म्हणून निदानासाठी नुसती भीती पुरत नाही. तिच्यामुळे रोजच्या जगण्यात बाधा यावी लागते. परंतु बाधा कशाला म्हणावे, हेही पुन्हा समाजच ठरवितो.

भाषांतरात एक खबरदारी रूढ आहे. एकाने इंग्रजीतून अरबीत न्यायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता अरबीतून पुन्हा इंग्रजीत आणायचे आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहायचे. त्यामुळे शब्दांची चूक सापडते. संकल्पनेची चूक सापडेलच असे नाही. ‘जीव घाबरतो’, ‘मन लागत नाही’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ या मराठी तक्रारींचे शब्दशः भाषांतर करून पाहिले की हा फरक लगेच कळतो.

मराठीचा या बाबतीतला अनुभव जुना आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन श्रेणीचे कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले. धारवाडच्या परिसरातील सुमारे एक हजार मुलांच्या चाचणीवर आधारलेले त्यांचे हे काम १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ते पुस्तकरूपानेही आले. इंग्रजी शाळांतील मुलांसाठी तयार झालेले प्रश्न इकडच्या मुलांना विचारून त्यांना मंद ठरविण्यात अर्थ नाही, हे त्यामागचे तत्त्व आजही बिनतोड आहे. अडचण वेगळीच आहे. ‘बिने-कामत’ चाचणी त्यानंतरची कित्येक दशके भारतातील रुग्णालयांत आणि प्रमाणपत्रांच्या कामी वापरली जात राहिली. लोकसंख्येचे बुद्धिगुण दर दशकाला काही अंकांनी वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखविल्यानंतर इतक्या जुन्या मानकांवर आजच्या मुलाला तोलणे कठीण झाले. मूल प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा वरचढ दिसते, आणि ज्याला मदतीची गरज आहे ते मूल मदतीच्या मर्यादेबाहेर राहू शकते. रियाध, जेद्दाह किंवा दम्माम येथून सुट्टीत भारतात येऊन मुलाची चाचणी करून घेणाऱ्या पालकांनी गुणांबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : ही मानके कोणत्या साली, कोणत्या मुलांवर आणि कोणत्या भाषेत ठरविली गेली?

बाह्य वैधता : निष्कर्ष कोठवर नेता येतो?

जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी २०१० साली एका गाजलेल्या लेखात दाखविले की, मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतील अभ्यासांचे सुमारे ९६ टक्के सहभागी जगाच्या फक्त १२ टक्के लोकसंख्येच्या, म्हणजे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतून आलेले होते. त्यांतही विद्यापीठातील पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. ‘माणूस असा वागतो’ या वाक्यातील माणूस बहुधा एकोणीस वर्षांचा अमेरिकी विद्यार्थी असे. त्या पार्श्वभूमीवर रियाधच्या पाचशे पुरुषांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु त्या पाचशेंचीही मर्यादा आहे. ते राजधानीतील, तरुण आणि विवाहित होते. राष्ट्रीय ऑनलाइन सर्वेक्षणात तेच चित्र दिसल्यामुळे निष्कर्ष रियाधबाहेर नेण्यास आधार मिळाला, तरी ऑनलाइन उत्तरे देणारा पुरुष आणि खेड्यातील साठ वर्षांचा पुरुष यांत अंतर राहतेच. स्त्रियांच्या बाजूनेही एक स्वतंत्र प्रयोग झाला. एका स्थानिक कंपनीने स्त्रियांना तात्पुरते सर्वेक्षणाचे काम देऊ केले. ते घरी बसून करता येत होते, किंवा जास्त मोबदल्यावर घराबाहेर जाऊन. पुरुषांमधील खऱ्या पाठिंब्याचा आकडा ज्या स्त्रियांना यादृच्छिक पद्धतीने सांगण्यात आला, त्यांच्यापैकी अधिक जणींनी घराबाहेरचे काम पत्करले. येथे निवड स्वतः स्त्रीने केली आहे आणि संशोधकाने ती प्रत्यक्ष पाहिली आहे. पतीच्या सांगण्यावर विसंबण्याची जी उणीव पहिल्या प्रयोगात होती ती यात नाही.

एकच अभ्यास कितीही नेटका असला तरी तो एकच असतो, हे मानसशास्त्राने किंमत मोजून शिकले आहे. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या समूहाने प्रतिष्ठित नियतकालिकांतील शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निष्कर्ष होते. पुनरावृत्तीत ते केवळ ३६ टक्क्यांत टिकले. त्यानंतर प्रयोगाचा आराखडा आधीच जाहीर करणे, मूळ आकडेवारी खुली करणे हे पायंडे पडले. रियाधमधील मूळ कल्पनेचा विस्तृत पडताळाही पुढे झाला. बुर्झ्टिन आणि यानागिझावा-ड्रॉट यांनी अन्य सहकाऱ्यांसह ६० देशांतील सुमारे ६६ हजार लोकांना असेच प्रश्न विचारले. स्त्रियांना घराबाहेर काम करण्याची मुभा असावी, या मूलभूत हक्काला असलेला पाठिंबा प्रत्यक्षाहून कमी समजला जातो, असे जवळपास सर्वत्र दिसले. मात्र तो अभ्यास मोजणीचा आहे, प्रयोगाचा नव्हे. गैरसमज जगभर आहे असे तो सांगतो; तो दूर केल्यावर वागणूक जगभर बदलेल, असे सांगत नाही. ज्या देशात पत्नीच्या नोकरीचा अडसर पतीची समजूत नसून पाळणाघर, बस किंवा पगार आहे, तेथे आकडा सांगून काही साधणार नाही.

काळाचेही तसेच. सौदी स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७च्या सुमारास वीस टक्क्यांहून कमी होता. काही वर्षांतच तो ३५ टक्क्यांच्या आसपास गेला. २०१९च्या ऑगस्टमध्ये एकवीस वर्षांवरील स्त्रियांना पालकाच्या संमतीविना पारपत्र आणि प्रवासाची मुभा मिळाली. ज्या समजुतीवर प्रयोग बेतलेला होता तिच्याच पायाखालची जमीन सरकली आहे. आज तोच प्रयोग रियाधमध्ये पुन्हा केला आणि परिणाम शून्य आला, तरी मूळ प्रयोग चुकीचा ठरणार नाही. कारण शेजारी नोकरीला जाताना दिसणारी स्त्री हे काम आकड्यापेक्षा चांगले करते.

शेवटी नमुन्यात कोण नव्हते, हेही पाहावे लागते. रियाधचा प्रयोग सौदी पुरुषांवर झाला, राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी सौदी नागरिकांची. संशोधकांनी आपला प्रश्न नागरिकांपुरता ठेवला आणि तसे स्पष्ट सांगितले, यात काही गैर नाही. परंतु २०२२च्या जनगणनेनुसार देशाच्या ३ कोटी २२ लाख लोकसंख्येपैकी सुमारे ४२ टक्के लोक परदेशी आहेत आणि त्यांत सुमारे १९ लाख भारतीय आहेत. ‘सौदी अरेबियात ३४ टक्क्यांना मानसिक विकार’ असे वाक्य एखाद्या सादरीकरणात दिसले, तर ते पाहणीच्या निष्कर्षापेक्षा अधिक काही सांगू पाहते. कुटुंब मागे ठेवून कामगार वसाहतीत राहणारा चिपळूणचा फिटर किंवा जेद्दाहच्या रुग्णालयातील रात्रपाळीची परिचारिका त्या ४,००४ मुलाखतींत कोठेच नाही. विरहाच्या चिंतेचे माप त्यांना लावायचे झाले, तर निकष, भाषा, मानके आणि मुलाखत घेणारा माणूस यांची तयारी पहिल्यापासून करावी लागेल.